म्हसोबा हजर करा

शनिवार, १२ जानेवारी १९५७

मामांनी आज दुकानातली सगळी यंत्रं माझ्या हवाली केली. यंत्रं म्हणजे त्यांची नावं. "राजा, देव काढायचे," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

पुढंमागं कोणी ही वही वाचली तर माझ्या कामाची पद्धत त्याला कळावी, म्हणून खुलासा लिहून ठेवतो. चिंचपोकळीच्या पुलाजवळ मामांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान आहे. गिरणी सोडून त्यांनी ते काढलं तेव्हा प्रत्येक यंत्राला देवाचं नाव दिलं. नंबर द्यायला ते तयार नव्हते. गिरणीत बिल्ल्याचा नंबर छातीवर वागवला तेवढा पुरे झाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मोठा अँप्लिफायर म्हसोबा, आणि भोंगे खंडोबा, मरीआई, वेताळ आणि ज्योतिबा. डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यानंतर मामांनी दीक्षा घेतली, घरातले देव समुद्रात सोडले. आता रोज सकाळी दुकानाची फळी काढली की समोर म्हसोबा दिसतो आणि मामांचं डोकं फिरतं.

चौदा एप्रिलच्या आत सगळं झालं पाहिजे. बाबासाहेब गेल्यानंतरची ही पहिली जयंती. आमच्या चाळीपुढच्या पटांगणात दर वर्षी मामांचाच सेट लागतो. यंदा त्यावर देवाचं नाव दिसलं तर मामा म्हणतात, मी तोंड कुठं लपवू.

एकेक नाव चार जागी आहे: यंत्राच्या अंगावर, त्याच्या पेटीवर, आमच्या नोंदवहीत आणि पोलिसांच्या परवान्यावर. चारही जागी एकच नाव हवं. मॅट्रिक झालेल्या माणसाचंच हे काम आहे.

सोमवार, १४ जानेवारी

नावं ठरली. अँप्लिफायर प्रज्ञा. खंडोबाचं शील, मरीआईची करुणा, वेताळाची मैत्री. मामांना इतकी आवडली की त्यांनी दोनदा म्हणून पाहिली.

ज्योतिबावर बराच विचार केला. शेवटी मामा म्हणाले, "त्येला हात लावू नगंस. आजपासनं त्यो डोंगरावरचा न्हाय, पुण्याचा. फुल्यांचा." मी वहीत तशी नोंद केली. रंगाचा खर्च वाचला.

माईकचं नाव चंपा आहे. ही कुठली देवी, ते पुष्कळ शोधूनही सापडलं नाही. मामींना विचारलं, तर त्यांनी कढई आपटली आणि म्हणाल्या, "देव पुसताय न्हवं? मग हिलाबी पुसा." मामा घाईघाईनं म्हणाले की चंपा देवी नाही, तेव्हा राहू द्यावी. नियमानं त्यांचंच बरोबर आहे.

आज घरी संक्रांत केली नाही. नलूनं तिळाचे लाडू केले आणि ते संक्रांतीचे नाहीत असं सांगून वाटले. नलू ही मामांची मुलगी. मला तिनं दोन जास्त दिले. हिशेब तिला कधीच जमत नाही.

रविवार, २० जानेवारी

अंगावरची नावं झाली. जुना रंग मी पत्र्यापर्यंत खरवडून काढला, मग दोन हात नवा दिला, मग अक्षरं. खाली म्हसोबा होता असं कोणाच्या बापाला कळायचं नाही.

लवू नाराज आहे. लवू आमचा वायरमन, मालवणकडचा, आठ पिढ्यांचा देवभोळा. भोंगा खांबावर चढवण्याआधी तो खंडोबाला हात जोडायचा. आज शिडीखाली उभा राहून मला म्हणाला, "राजाराम, मनातल्या मनात खंडोबा म्हटलंय तर चालात मां?"

मी म्हटलं, मनातल्या नोंदी माझ्या कामात येत नाहीत.

दुपारी नलू डबा घेऊन आली आणि अक्षरं बघत बसली. मग म्हणाली, "मॅट्रिक, आधी पोलिसांना कळवायला नको होतं? परवान्यावर अजून म्हसोबाच आहे ना?" मी तिला शांतपणे समजावलं की अंग, पेटी, वही, परवाना असा क्रम असतो. बाहेरच्यांना शेवटी कळवायचं. ती "बरं" म्हणाली आणि हसली. तिला पद्धत पटलेली दिसली.

मंगळवार, २९ जानेवारी

आज मला स्वतःबद्दल समाधान वाटतं आहे. जुन्या नोंदवहीत खाडाखोड करणं मला पटेना, म्हणून नवी वही आणून सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. नव्या वहीत देवाचं नावही नाही. जुनी वही बंबात घातली. मामींचं आंघोळीचं पाणी चांगलं तापलं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

नावं बदलली तरी गिऱ्हाईक बदलत नाही. लालबागहून एक जण लग्नासाठी आला आणि म्हणाला, "खंडोबा द्या. थोरल्या पोरीच्या लग्नात त्योच लावलावता, पार भायखळ्यापर्यंत ऐकू गेला." मी म्हटलं, खंडोबा नावाचं यंत्र आमच्याकडे नाही. तो उठून चालू लागला. मामा धावत गेले, त्याला परत आणलं आणि शील दाखवलं. तो भोंग्याकडे बघत म्हणाला, "आवाज त्योच हाय ना? मग काय पण म्हणा."

संध्याकाळी लवू परळहून आला आणि दारातूनच ओरडला, "बाबुरावानु, करुणा फाटली." मामी घाबरून बाहेर आल्या, त्यांना वाटलं शेजारच्या कोणाच्या पोरीला लागलं. भोंग्याचा पडदा गेला होता. मग म्हणाला, "मैत्रीत खरखर आसा, आणि प्रज्ञेक करंट येणा नाय." मामा कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "राजा, नावं थोर हायत रं. पण दुरुस्तीला अवघड जात्यात."

सोमवार, १८ फेब्रुवारी

फार वाईट झालं आहे.

काल परळला समितीची सभा होती. निवडणूक तोंडावर आली आहे, त्यामुळे मैदान भरून लोक गॅलऱ्यांवर आणि छपरांवर बसले होते. परवानगीची वेळ संपली, तरी वक्ता थांबेना. मी त्याला तीनदा खुणावलं. तिसऱ्या वेळी त्यानं माझ्याकडेच बोट करून "मुंबई कोणाची?" असं विचारलं, आणि सगळं मैदान माझ्याकडे बघून ओरडलं. मी काय करणार होतो?

पोलिसांनी वक्त्याला सोडलं आणि सेट उचलला. प्रज्ञा गेली, तिच्याबरोबर शीलही.

माझ्या परीनं मी जे शक्य होतं ते केलं. हवालदारानं पंचनाम्यात नुसतं "एक यंत्र, एक भोंगा" असं लिहिलं होतं. असल्या मोघम लिखाणानं पुढं घोटाळे होतात. मी अडून बसलो आणि नावं घालायला लावली, प्रज्ञा आणि शील, शुद्ध. हवालदार वैतागला, पण त्यानं लिहिलं.

दुसरा मोठा अँप्लिफायर आमच्याकडे नाही. छोट्यावर चाळीचा एक जिना जेमतेम ऐकेल. मामा जेवले नाहीत. जयंती आठ आठवड्यांवर आली आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

मामांबरोबर चौकीत जाऊन आलो. फौजदारसाहेब बंदोबस्तावर होते. हवालदारानं परवाना आणि पंचनामा शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिला.

"परवाना म्हसोबाचा आहे," तो म्हणाला. "आम्ही धरलीय प्रज्ञा. ही तुमची कशावरून?"

मी सांगितलं की म्हसोबा म्हणजेच प्रज्ञा.

"मग म्हसोबा कुठाय?"

"तीच तो."

"ते मला नको सांगू. परवान्यावर म्हसोबा आहे, म्हणजे तुमच्याकडे म्हसोबा असला पाहिजे. न कळवता विकला असेल तर तो वेगळा गुन्हा. प्रज्ञेला परवानाच नाही, तो वेगळा. म्हसोबा हजर करा, मग बोलू."

मी म्हटलं, अंगावरचा रंग खरवडून बघा. मग आठवलं की मी तो पत्र्यापर्यंत खरवडला आहे. जुनी वही दाखवतो म्हणालो. मग तेही आठवलं.

 येताना मामा पुलावर थांबले आणि म्हणाले, "तू लई नीट काम करतोस रं, राजा." मला बरं वाटलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

चौथा अर्ज परत आला. त्यात मी धर्मांतराची सगळी हकिगत लिहिली होती. हवालदारानं वर शेरा मारला आहे: "मालकाचे धर्मांतर समजले. यंत्राने दीक्षा घेतल्याचा पुरावा जोडावा."

लवू म्हणतो की म्हसोबा कोपला आहे, एक नारळ देऊया. हे त्यानं मामांसमोर म्हणायला नको होतं.

सोमवार, १ एप्रिल

आज सरकारनं नवे पैसे सुरू केले. आणेही चालतात आणि नवे पैसेही. एकाच नाण्याला सरकारदरबारी दोन नावं. मी तसाच चौकीत धावलो आणि हवालदाराला म्हटलं, आण्याचे सहा नवे पैसे होतात, तरी आणा आणाच राहतो. मग म्हसोबाची प्रज्ञा झाली तर बिघडलं कुठं?

तो म्हणाला, "मग सहा नवे पैसे घे आणि चहा पिऊन ये."

आणि सहा नवे पैसे दिलेही नाहीत.

शनिवार, ६ एप्रिल

आज शेवटचा मार्ग निघाला आणि तोही बंद झाला. हवालदारालाच माझी दया आली असावी. तो म्हणाला, भानगड नको, मालकानं एका ओळीचा अर्ज लिहून द्यावा: माझा म्हसोबा नावाचा सेट मला परत मिळावा. तळाशी सही. सेट आजच घेऊन जा.

मी पळतच घरी आलो. मामींनी ऐकलं आणि हात जोडले, कोणाला ते त्यांनाच माहीत. मामांनी कागद वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्याच्यावर म्या सही न्हाय करणार."

मामी म्हणाल्या, "एक सही तर करायची. तुमच्या मनात थोडंच हाय?"

"मनात न्हाय म्हून तर करणार न्हाय. समद्यांच्या म्होरं उभं ऱ्हाऊन सांगितलंय, देव मानणार न्हाय. आता माझा म्हसोबा द्या म्हून कागद लिहून देऊ? त्यो सेट घिऊन जयंतीला उभा ऱ्हाऊ?"

"मग जयंतीला काय लावणार?"

 चाळीची मंडळी काल विचारून गेली आहेत. लालबागच्या दुसऱ्या दुकानदाराचा सेट आणायचा का, असं त्यांनी फार हळू विचारलं. मामा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

मी माळ्यावर जाऊन बसलो. मोघम पंचनामा मोघम राहू दिला असता तर दुसऱ्या दिवशी सेट घरी असता. मामा मला एक शब्दही बोलत नाहीत, आणि तेच मला सोसत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

नलू सकाळपासून कामात अडथळा आणते आहे. मी पाचवा अर्ज लिहीत होतो तर समोर तांदूळ निवडायला बसली आणि भलतीच बडबड सुरू केली.

"मॅट्रिक, पलीकडच्या चाळीतला भिवा बघितलास ना? खिसेकापू? तीन नावं आहेत त्याला. दादरला एक, वडाळ्याला एक, इथं भिवा. तरी प्रत्येक वेळी धरला की पोलीस बरोबर ओळखतात हा तोच. कसं ओळखत असतील रे?"

मी म्हटलं, मला काम आहे.

"म्हणजे त्यांच्याकडे नावासमोर दुसरं नाव लिहायला जागा असेल, नाही का? काय म्हणतात त्याला?"

"उर्फ," मी म्हणालो आणि पुढं लिहू लागलो.

"हां, उर्फ," ती म्हणाली आणि तांदळाचं सूप घेऊन गेली.

ती गेल्यावर थोड्या वेळानं मला एकदम कल्पना सुचली. शांतता मिळाली की माझं डोकं असं चालतं. चोराला उर्फ चालतं, तर यंत्राला का चालू नये? नलूला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "कुठून सुचतं रे तुला?" मी म्हटलं, सवयीनं.

बुधवार, १० एप्रिल

आज जे झालं ते घाईनं लिहू नये असं वाटतं.

मामांना घेऊन चौकीत गेलो. आज फौजदारसाहेब स्वतः होते, वयस्कर, निवडणुकीनं दमलेले. मी उर्फचं सांगितलं. ते आधी हवालदाराकडे बघत राहिले, मग हसू लागले. "दीड महिना हा म्हसोबा शोधतोय?" त्यांनी परवान्याची फाइल मागवली. "लिहा. प्रज्ञा उर्फ म्हसोबा."

मला उडी मारावीशी वाटली. मामा मात्र उभेच होते.

"साहेब, उर्फ म्हंजी अजून बी हायच की त्यो."

"अहो, जुनं नाव म्हणून. नुसतं ओळखीपुरतं."

मामांनी मान हलवली. मला वाटलं, गेलं सगळं. फौजदारसाहेब थोडे चिडले आणि परवाना जवळ ओढून वाचू लागले. "मालक," ते म्हणाले आणि अडखळले. मग हळू वाचलं, "मालक, बाब्या रामा."

 तो परवाना माझ्या हातातून कितीदा गेला आहे. मी यंत्रांचा रकाना पुन्हा पुन्हा तपासला, वरची ओळ कधी वाचलीच नाही. मामा मात्र दर वर्षी परवाना नवा करताना ती वाचत होते आणि खाली सही करत होते.

मामा पुढं आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, मग असं करा. आधी बाबुराव रामजी ओव्हाळ लिवा. उर्फमधी बाब्या टाका. मग प्रज्ञा लिवा, उर्फमधी म्हसोबा टाका. दोघं बी जुनेच, बसू द्या शेजारी शेजारी. असं असंल तर म्या सही करतो."

हवालदार म्हणाला, अशी पद्धत नाही. फौजदारसाहेबांनी त्याला बाहेर चहा सांगायला पाठवलं आणि आपलं पेन उघडून ती ओळ आणि खाली भोंग्यांची जुनी-नवी नावंही स्वतःच्या अक्षरात लिहिली. मालकाच्या जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. मग खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बसा, ओव्हाळ. सही करा."

मामांना सही करायला वेळ लागला. संपूर्ण नावाची त्यांना सवय नव्हती.

सेट आजवर हातगाडीवरूनच जातो. मामांनी आज टॅक्सी केली आणि अँप्लिफायर मांडीवर घेतला.

शुक्रवार, १२ एप्रिल

चारही जागच्या नोंदी जुळल्या. पुन्हा तपासून पाहिल्या, एकही चूक नाही. नलूला दाखवलं. तिनं चारही जागा बघितल्या आणि विचारलं, "माणसांची तपासणी कधी सुरू करणार?" ते माझ्याकडे सोपवलेलं नाही असं मी सांगितलं.

रात्री जेवताना मामा म्हणाले की वैशाखात कुठं जाऊ नकोस आणि आईला वडाळ्याहून चार दिवस बोलावून घे. मामी गालात हसत होत्या. नलू पाणी आणायला गेली ती आलीच नाही. बहुधा दुकानाची वार्षिक मोजणी असावी. मी हो म्हटलं.

रविवार, १४ एप्रिल

पटांगण भरलं होतं. परळहून, वडाळ्याहून, पार अँटॉप हिलवरून लोक आले होते, सगळे पांढऱ्या कपड्यांत. लवूनं भोंगे चारी कोपऱ्यांना बांधले. शिडीवर चढण्याआधी त्यानं हात जोडले. कोणाला, ते मी विचारलं नाही.

सुरुवात दर वर्षी मामा करतात. माईक हातात घ्यायचा, "हॅलो, हॅलो" म्हणायचं, मंडळींना शांत बसायला सांगायचं आणि मग बाबासाहेबांच्या नावाचा जयजयकार करायचा. एवढंच त्यांचं काम असतं.

मामा व्यासपीठावर गेले. हार घातलेल्या फोटोकडे त्यांनी पाहिलं. "हॅलो" म्हणाले, मंडळी शांत झाली. मग त्यांनी "बाबासाहेब" एवढं म्हटलं आणि पुढं काहीच आलं नाही.

भोंगे गप्प झाले. लवू अँप्लिफायरकडे धावला, बटणं फिरवू लागला, वायर उपटून परत खोचली. "राजाराम, आवाज गेलो. बघ जरा, काय झाला?"

मी आयुष्यात पहिल्यांदा काही तपासलं नाही. मी लवूचा हात धरला. म्हटलं, "आवाज गेला नाही. ऐक."

तो थांबला. चारी भोंग्यांतून मामांचा श्वास ऐकू येत होता. मामा रडत होते, आणि ते जिन्यांवर, गॅलऱ्यांमध्ये, पुलापलीकडे, सगळीकडे ऐकू जात होतं.  मग बायकांच्या बाजूनं मामींनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, माईकशिवाय, आणि सगळं पटांगण त्यांच्यामागून म्हणू लागलं. नलू माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती केव्हा आली ते मला कळलं नाही, कारण मलाही रडू येत होतं.